होलेरिथ: माणसं मोजणाऱ्या मशीनपासून पॅरलल क्वेरीपर्यंत

सोलापुरी चादरीवरचा मोर पाहिलाय ना? जकार्ड मागावर कुठला धागा कधी उचलायचा, हे पुठ्ठ्याच्या कार्डांवरची भोकं ठरवतात. भोकांमध्ये माहिती साठवायची हीच युक्ती अमेरिकेत हर्मन होलेरिथने माणसं मोजायला वापरली.

होलेरिथचा जन्म 29 फेब्रुवारी 1860 चा, बफेलो शहरातला. आईवडील जर्मनीहून आलेले. 1879 मध्ये इंजिनिअर झाला आणि जनगणना कचेरीत लागला. 1880 ची जनगणना हाताने मोजली जात होती, त्यात सात-आठ वर्षं गेली. लोकसंख्या तर वाढतच होती. पुढची मोजणी तिच्या पुढची येईपर्यंत तरी संपणार का, अशी भीती होती.

त्याने एका माणसाला एक कार्ड दिलं. कार्ड प्रेसमध्ये ठेवून दांडा दाबला की वरून पिना खाली येत. जिथे भोक, तिथे पिन आरपार जाऊन पाऱ्याला टेकायची, सर्किट पूर्ण व्हायचं आणि डायलचा काटा एक घर सरकायचा. 1889 मध्ये पेटंट मिळालं. चाचणीत त्याच्या मशीनने मोजणी साडेपाच तासांत उरकली, बाकी दोन पद्धतींना 44 आणि 55 तासांहून जास्त लागले!

1890 ला वॉशिंग्टनमध्ये अशी अनेक मशीन एकाच वेळी चालली. प्रत्येकाचा कारकून वेगळा, कार्डांचा गठ्ठा वेगळा, वायरी आणि डायलही वेगळे. बेरीज शेवटी. दोघांनी एकाच प्रेसमध्ये कार्डं घातली असती, तर कुठला आकडा कुणाचा हे कळलंच नसतं.

आज आपण कोडमध्ये नेमकी हीच चूक करतो. समजा चादरीच्या दुकानाच्या तीन वर्षांच्या विक्रीसाठी तीन क्वेरी आहेत, प्रत्येकी 20 सेकंदांच्या. ओळीने चालवल्या तर मिनिट जातं. तीन चाइल्ड प्रोसेस काढल्या आणि सर्व्हरमध्ये दम असला, तर काम 20 सेकंदांच्या आसपास होतं. पण फोर्क करण्याआधीच डेटाबेस कनेक्शन उघडलं असेल, तर तिन्ही पोरं आईचंच कनेक्शन वापरतात. एकाचं उत्तर दुसऱ्याला जातं, आणि एक पोर काम संपवून बाहेर पडताना सगळ्यांचंच कनेक्शन बंद करून जातं. म्हणून आधी फोर्क, मग प्रत्येक चाइल्डमध्ये नवीन कनेक्शन. उत्तरं गोळा करायचं काम पॅरेंटचं. (शंभर-दोनशे चाइल्ड काढायचा मोह नको. मायएसक्यूएलची डीफॉल्ट मर्यादा 151 कनेक्शनची आहे.)

होलेरिथ तसा हट्टी माणूस. 1896 मध्ये स्वतःची कंपनी काढली, पण मशीनच्या भाड्यावरून जनगणना कचेरीशी बिनसलं आणि तिने 1910 साठी स्वतःची मशीन बनवली. 1911 मध्ये त्याची कंपनी इतरांमध्ये विलीन झाली, 1924 मध्ये तिचं नाव आयबीएम झालं. 17 नोव्हेंबर 1929 ला तो वॉशिंग्टनमध्ये वारला. पुढे 1970 मध्ये आयबीएमच्याच एडगर कॉडने टेबलांच्या डेटाबेसची कल्पना मांडली. आपण क्वेरी लिहितो ती एसक्यूएल भाषाही आयबीएममध्येच जन्मली.