ऑन्री जिफार

ऑन्री जिफार (जन्म : ८ फेब्रुवारी १८२५, पॅरिस, मृत्यू : एप्रिल १८८२, पॅरिस) हे फ्रेंच अभियंते व संशोधक होते. बॉयलरमध्ये पाणी भरणाऱ्या इंजेक्टर या उपकरणाचे जनक आणि वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या पहिल्या समानव हवाई जहाजाचे निर्माते म्हणून ते ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन व हवाई जहाज

तरुणपणी जिफार यांनी पॅरिस–सेंट जर्मेन रेल्वेच्या कारखान्यात काम केले. वाफेच्या यंत्रांचा त्यांचा परिचय तेथेच झाला. २४ सप्टेंबर १८५२ रोजी त्यांनी स्वतः बनविलेल्या हवाई जहाजातून पॅरिसहून त्राप गावाच्या परिसरापर्यंत सुमारे २७ किमी प्रवास केला. त्यातील इंजिन अवघे ३ अश्वशक्तीचे होते. ठिणग्यांनी वायू पेटू नये म्हणून त्यांनी धुराड्याचे तोंड खाली वळविले होते. जहाज इच्छेप्रमाणे वळविता आले; परंतु वाऱ्याविरुद्ध परत येण्याइतकी शक्ती इंजिनात नव्हती.

इंजेक्टर

बॉयलरमधील पाणी वाफ होऊन सतत घटत असते. ते वेळेवर न भरल्यास भट्टीवरचा पत्रा उघडा पडून तापतो, मऊ होतो आणि बॉयलर फुटू शकतो. त्या काळी रेल्वे इंजिनातील पाण्याचा पंप बहुधा चाकांच्या गतीवर चाले. त्यामुळे स्थानकात थांबलेल्या इंजिनात पाणी भरण्यासाठी ते रुळांवर उगाच पुढे-मागे चालवावे लागे.

१८५८ मध्ये जिफार यांनी इंजेक्टरचे पेटंट घेतले. यात बॉयलरमधीलच वाफ निमुळत्या तोटीतून अतिवेगाने बाहेर पडते, थंड पाण्यात मिसळते आणि तिचेही पाणी होते. असा वेगवान झोत पुढे रुंदावत जाणाऱ्या नळीत मंदावतो व त्याच्या वेगाचे दाबात रूपांतर होते. हा दाब बॉयलरमधील दाबाहून अधिक झाल्याने एकमार्गी झडप उघडून पाणी आत शिरते. बॉयलरची वाफ त्याच बॉयलरच्या दाबावर मात करते, ही गोष्ट प्रारंभी अनेकांना अशक्य वाटली. परंतु ही ऊर्जा वाफेतील उष्णतेतून मिळते. वाफेची उरलेली उष्णता पाण्याबरोबर बॉयलरमध्ये परतते, त्यामुळे ती फारशी वाया जात नाही.

उपकरणात दट्ट्या किंवा फिरता भाग नसल्याने झीज कमी होते आणि इंजिन उभे असतानाही पाणी भरता येते. लवकरच इंग्लंड व अमेरिकेतही त्याचे उत्पादन सुरू झाले.

मात्र त्याला एक मर्यादा आहे. पाणी फार गरम असल्यास वाफेचे पुरेसे पाणी होत नाही व झोत तुटतो. म्हणून ज्या कारखान्यांत वापरलेल्या वाफेचे गरम पाणी टाकीत साठवून पुन्हा बॉयलरला देतात, तेथे सामान्यतः पंप वापरतात. पंपाच्या शोषण-नळीत त्या पाण्याची वाफ होऊ नये म्हणून टाकी पंपापेक्षा उंचावर ठेवतात.

उत्तरायुष्य

इंजेक्टरमुळे जिफार यांना मोठी संपत्ती मिळाली. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यांनी दोराने बांधलेला २५,००० घनमीटर क्षमतेचा महाकाय फुगा उभारला. त्यातून एका वेळी सुमारे ४० प्रवासी वर जात. पुढे त्यांची दृष्टी क्षीण होत गेली आणि १८८२ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. आपली संपत्ती त्यांनी विज्ञान व लोकोपयोगी कार्यासाठी फ्रेंच राष्ट्राला दिली. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचे नाव आहे. वाफेच्या रेल्वे इंजिनांचे युग संपेपर्यंत इंजेक्टर त्यांचा अविभाज्य भाग राहिला.