टाकळीच्या गोगलगायी आणि हिस्लॉपसाहेब

हिस्लॉप कॉलेज नागपुरात कुणाला माहीत नाही? पण ते नाव ज्याचं, तो माणूस किती जणांना माहीत आहे? मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. मिशनरी म्हणजे शाळा आणि प्रार्थना हे मला ठाऊक होतं. हातोडी घेऊन दगड फोडणारा मिशनरी मात्र नवीन होता.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमधल्या डन्स गावी झाला. १८४५ मध्ये ते नागपूरला आले. धर्मप्रसार, शाळा, गोंड लोकांचा अभ्यास हे सगळं सांभाळून रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी आसपासचे खडक पालथे घातले.

मित्रांनो, आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे लाव्ह्याचे थर. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात इथे तळी साचली. त्यांचा गाळ पुढच्या लाव्ह्याखाली दबला. टाकळी आणि सीताबर्डीच्या अशाच पातळ थरांत हिस्लॉप यांना गोगलगायींचे शंख, कीटकांच्या पंखांची कवचं, फळं, बिया सापडल्या. १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात दोघांचा लेख आला, १८६० मध्ये शंखांचं वर्णनही. त्यांनी हे थर टर्शरी काळातले मानले. आज ते त्याहून जुने, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, डायनोसॉर संपले त्या सुमाराचे धरले जातात. निष्कर्ष बदलला, पण गोळा केलेले नमुने कामाचेच राहिले.

गोड्या पाण्यात वसाहत करून राहणाऱ्या एका सूक्ष्म प्राण्याला तर कार्टर यांनी १८५८ मध्ये 'हिस्लोपिया' हेच नाव दिलं.

४ सप्टेंबर १८६३. टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून संध्याकाळी घोड्यावरून परतताना, पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. सेहेचाळीस पूर्ण व्हायला चार दिवस कमी होते. मिहानहून वर्धा रोडने बुटीबोरीकडे निघालं की हे टाकळघाट काही फार लांब नाही.

आता मुद्दा. मिहानसारख्या भागात एवढं खोदकाम होतं. आपण बोअरलॉगवर 'बेसॉल्ट' लिहून मोकळे होतो. दोन बेसॉल्टमधला मऊ, मातकट पट्टा फाउंडेशनसाठी धोक्याचा असतो, हे आपल्याला शिकवतात. पण त्याच पट्ट्यात एका तळ्याचं अख्खं जग असू शकतं, हे कुणी सांगत नाही. जेसीबी ते पाच मिनिटांत डम्परमध्ये भरतो. साइटवर गेलात तर ढिगाऱ्यातला एक ढेकूळ फोडून बघा. नागपूरच्या जमिनीचा एवढा मान आपण ठेवायलाच हवा.