प्रभाकर बरवे

अलिबागजवळच्या नागाव या गावी १९३६ साली प्रभाकर बरवे यांचा जन्म झाला. घराण्यात कलेचा वारसा होता. सासवण्याचे विख्यात शिल्पकार विनायकराव करमरकर हे त्यांच्या नात्यातलेच. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील शिक्षण संपवून १९५९ साली ते बाहेर पडले. परंतु केवळ चित्रे विकून चरितार्थ चालावा, असे ते दिवस नव्हते.

१९६१ साली त्यांनी सरकारच्या विणकर सेवा केंद्रात नोकरी धरली. हातमागाच्या विणकरांना नवे नमुने काढून देणे, हे या केंद्राचे काम. ते दिसते तितके सोपे नाही. मागावर धागे दोनच प्रकारचे, उभे आणि आडवे. म्हणून नमुना चौकटींच्या कागदावर मांडावा लागतो आणि फुलाची नाजूक पाकळीही तेथे पायऱ्यापायऱ्यांनी चढते. घरातील एखाद्या लुगड्याचा काठ जवळून न्याहाळा, म्हणजे हे सहज ध्यानात येईल. दोंडाईच्यास वाळत घातलेल्या मिरच्या आपण पाहतो, तेव्हा आपणांस मिरच्याच दिसतात. बरव्यांना बहुधा एक लाल चौकोन दिसला असता!

नोकरीनिमित्त त्यांना काशीस राहावे लागले. तेथे तांत्रिक साधनेतील यंत्रे त्यांच्या पाहण्यात आली. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन आणि मधला बिंदू एवढ्या सामग्रीवर अवघ्या विश्वाची कल्पना मांडता येते, हे पाहून ते भारावले. त्या आकृती त्यांच्या चित्रांत उतरल्या व त्यांचे नाव झाले. तथापि मुंबईस परतल्यावर काही वर्षांनी ही मळलेली वाट त्यांनी सोडली. मिळालेले यश बाजूस ठेवून पुन्हा आरंभ करणे सर्वांनाच साधत नाही.

आता त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, शिंपला, ढग अशा साध्या वस्तू आल्या. मोकळ्या अवकाशात त्या एकमेकींपासून दूर, जणू विचार करीत थांबलेल्या असत. रंगही साधाच, दारेखिडक्यांना लावतात तो इनॅमलचा! १९७६ साली त्यांना ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुमारे वीस वर्षांची नोकरी सोडून पुढे ते पूर्णवेळ चित्रे काढू लागले.

चित्र काढण्यापूर्वी पांढऱ्या कापडासमोर बसलेल्या चित्रकाराच्या मनात काय चालते, हे ते वर्षानुवर्षे वह्यांत टिपून ठेवीत. त्याच चिंतनातून १९९० साली ‘कोरा कॅनव्हास’ हा त्यांचा मराठी ग्रंथ सिद्ध झाला. १९९५ च्या डिसेंबरात मुंबईत त्यांचे निधन झाले. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कार्याचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा चित्रांबरोबर त्या वह्याही लोकांनी पाहिल्या.