पंडित भातखंडे आणि आपले उपासनागायन

आपल्या मंडळ्यांतून एक अनुभव वारंवार येतो. एखादे वयोवृद्ध काका किंवा मावशी प्रभूकडे जातात आणि त्यांच्याबरोबर एखाद्या जुन्या भजनाची चालही जाते. गीत ‘उपासना संगीता’त छापलेले असते, शब्द जागच्या जागी असतात, परंतु पेटीवाल्याला चाल ठाऊक नसते, म्हणून ते पान पुढे कोणी उघडत नाही. दुसऱ्या गावी जावे तर तेच गीत निराळ्या चालीत ऐकू येते, आणि दोन्हीकडचे लोक एकत्र जमले की पहिल्याच कडव्याला गोंधळ उडतो. हेच दुखणे एके काळी आपल्या देशाच्या सर्व संगीताला जडले होते. त्यावर ज्यांनी जन्मभर उपाय केला, त्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे चरित्र आपल्या गायक-वादकांनी आणि शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी जाणून घ्यावे असे आहे. ते ख्रिस्ती नव्हते. पण चांगले काम कोठेही दिसो, त्यापासून शिकण्यात कमीपणा नाही.

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईस वाळकेश्वर येथे झाला. आपले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ सालचे. म्हणजे दोघे एकाच पिढीचे. भातखंडे लहानपणी बासरी वाजवीत, पुढे सतार शिकले. १८८५ साली ते बी. ए. व १८८७ साली एलएल. बी. झाले व वकिली करू लागले. कामातून वेळ काढून ते गायन उत्तेजक मंडळीत जात व गुणी गवयांकडून चिजा शिकत.

शिकता शिकता त्यांच्या ध्यानात आले की, हे सारे धन गवयांच्या केवळ कंठात आहे. पुष्कळ उस्ताद आपल्या घरची चीज परक्यास देत नसत. काही तर शिष्यालाही पुरती सांगत नसत. उस्ताद गेला की चीजही जाई. एकाच रागाविषयी दोन गवई दोन मते सांगत आणि खरे काय, हे विचारण्याची सोय नसे.

१९०० साली त्यांची पत्नी व १९०३ साली एकुलती एक कन्या निवर्तली. घर रिकामे झाले. दुःखाने खचून न जाता त्यांनी उरलेले आयुष्य या कामाला वाहिले आणि हळूहळू वकिली सोडली. १९०४ साली ते दक्षिणेत गेले, नंतर उत्तर हिंदुस्थान फिरले. ग्रंथालयांतून जुन्या पोथ्या पाहिल्या, गवयांच्या दारी बसले, कोणी दिले ते नम्रपणे घेतले. स्वतः मोठे पंडित म्हणून नाव झाल्यावरही रामपूरच्या वजीर खाँसाहेबांचे शिष्य होण्यास त्यांना संकोच वाटला नाही.

मिळालेली चीज लिहून ठेवण्यासाठी त्यांनी सोपी स्वरलिपी बसविली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर टिंब. तालाच्या समेला फुलीची खूण, खालीला शून्य. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत त्यांनी हजाराहून अधिक चिजा अशा छापून सर्वांस मोकळ्या केल्या. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा मोठा ग्रंथ त्यांनी गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने, आपल्या मराठीत लिहिला. स्वतः रचलेल्या गीतांत ते आपले नाव न घालता ‘चतुर’ एवढेच घालीत.

आता ग्वाल्हेरची गोष्ट. ग्वाल्हेर म्हणजे तानसेनाच्या समाधीचे गाव, ख्यालगायकीचे माहेरघर. शिंदे सरकारच्या आश्रयाने अनेक मराठी घराणी तेथे नांदत होती आणि गायनात पुढे होती. अशा ठिकाणी बाहेरच्या माणसाने पुस्तकावरून गाणे शिकविण्याची गोष्ट काढावी, हे धाडसच होते. महाराज माधवराव शिंदे यांना मात्र ती पटली. त्यांनी ग्वाल्हेरचे काही तयार गवई मुंबईस भातखंडे यांच्याकडे पाठविले. त्यांत राजाभैया पूछवाले होते. मैफली गाजविणारी ही माणसे पुन्हा विद्यार्थी झाली, पाटीवर स्वर लिहू लागली. १९१८ च्या जानेवारीत ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झाले. राजाभैया पुढे त्या विद्यालयाचे प्रमुख झाले. घराण्याची मुले नसलेल्यांनाही आता तेथे गाणे शिकता येऊ लागले.

१९२६ साली लखनौलाही असेच विद्यालय निघाले. १९३३ साली भातखंडे यांना अर्धांगवायू झाला आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी ते निवर्तले. त्यांची काही मते सर्वांस मान्य झाली नाहीत. कागदावर सगळे गाणे उतरत नाही, हेही खरेच. गळ्याची लकब गुरूसमोर बसूनच यावी लागते. पण त्यांनी लिहून ठेवले नसते तर कितीतरी चिजा आज कोणाच्या कानी पडल्या नसत्या.

प्रिय बंधुभगिनींनो, यातून आपण काय घ्यावे? आपल्या मंडळीत ज्यांना जुन्या चाली येतात त्यांच्याकडे या महिन्यातच जा. चाल ध्वनिमुद्रित करा, स्वर लिहून ठेवा आणि वहीची एक प्रत मंदिरात ठेवा. एका गीताची एकच चाल ठरवा व ती सर्वांस कळू द्या. उपासनेपूर्वी एक दिवस एकत्र बसा. पट्टी अशी धरा की मागच्या बाकावरच्या आजीलाही गाता यावे. गवयाचा गळा उंच चढतो म्हणून मंडळीने गप्प बसायचे, हे बरे नव्हे. पेटी व तबला शब्दांच्या मागे राहू द्या. नवे गीत घ्यायचे तर आधी शब्बाथ शाळेत शिकवा. मुले ते घरी नेतील.

आणि सर्वांत महत्त्वाचे, चाल लपवून ठेवू नका. मी नसलो तर गाणे अडेल, यात भूषण नाही. पहिल्या इतिहासाच्या पंचविसाव्या अध्यायात आसाफ, हेमान व यदूथून यांच्या २८८ गायक-वादकांची नोंद आहे. सेवेची पाळी ठरविताना तेथे लहानमोठा किंवा गुरुशिष्य असा भेद न करता सर्वांच्या चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. ग्वाल्हेरचे नामांकित गवई विद्येसाठी पुन्हा विद्यार्थी झाले. आपण तर प्रभूसाठी गातो. जे आपल्याला फुकट मिळाले, ते पुढच्या पिढीच्या ओठी ठेवून जाण्याची बुद्धी प्रभू आपणांस देवो.