विश्वनाथ काशीनाथ राजवाडे

इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे (१८६३ – ३१ डिसेंबर १९२६) हे मराठी इतिहाससंशोधक व भाषाभ्यासक होते. त्यांचा जन्म वरसई (जि. रायगड) येथे झाला. तरुणपणी पत्नीचे निधन झाल्यावर त्यांनी पुनर्विवाह केला नाही. उर्वरित आयुष्य त्यांनी संशोधनाला वाहिले. गावोगावी हिंडून जुन्या घराण्यांतील दप्तरे त्यांनी तपासली. वाळवी, ओल व घरमालकांची अनास्था यांमुळे ही कागदपत्रे नष्ट होत होती. त्यांतील निवडक पत्रे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या २२ खंडांत प्रसिद्ध झाली. पानिपतपूर्व काळातील पत्रांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत त्यांचा प्रमुख सहभाग होता; पुढे मतभेदांमुळे ते मंडळापासून दूर झाले. आपले लेखन त्यांनी आग्रहाने मराठीतच केले.

धुळे येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या संग्रहातील बरेच साहित्य अप्रकाशित होते. ते जतन करण्यासाठी १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यांच्या टिपणांवरून कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनी संपादित केलेला 'राजवाडे धातुकोश' मंडळाने १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. इतरांची दप्तरे वाचविणाऱ्या या संशोधकाचे स्वतःचे दप्तर अशा रीतीने अभ्यासकांसाठी टिकून राहिले.