येडशीच्या रुळांवरून कुर्ल्याच्या मोटारीकडे

धाराशिव शहरातील एखाद्या घरात छोटी मोटार घ्यायचे ठरले, की पुढचे काही आठवडे त्या घराची झोप उडते. बेस मॉडेल घ्यावे की पन्नास-साठ हजार अधिक मोजून वरचे, पेट्रोलवर चालणारी परवडेल की सीएनजीवरची, मागच्या डिकीत लग्नाच्या बॅगा बसतील का, एअरबॅग किती, हप्ता किती, आणि पाच वर्षांनी विकायला काढली तर हातात काय पडेल, या प्रश्नांचा काथ्याकूट रात्रीच्या जेवणानंतर रंगतो. जाहिरातीतील किंमत एक आणि कर, विमा व नोंदणी धरून द्यावी लागणारी किंमत दुसरी, हा साक्षात्कारही याच काळात होतो. एमएच-२५ची पाटी लागेपर्यंत घरातला प्रत्येक जण अर्धा मोटारतज्ज्ञ झालेला असतो.

मोजलेल्या पैशाच्या बदल्यात नेमके काय मिळते, हा प्रश्न ज्या माणसाने आयुष्यभर मोठ्या प्रमाणावर विचारला, त्याच्या उद्योगाचा आरंभ याच जिल्ह्याच्या मातीत झाला, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी नसते. शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव जहाजांशी, विमानांशी आणि साखरेशी जोडले जाते. भारतात मोटार तयार करण्याच्या पहिल्या प्रयत्नांपैकी एक त्यांचा होता आणि त्यांच्या कंपनीच्या फियाटने पुढे मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या वाहून नेल्या. असे असले तरी त्यांचे पहिले मोठे काम म्हणजे येडशी ते तडवळे या टापूतील अरुंद रेल्वेमार्ग.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. मूळचे काठेवाडातील वांकानेरचे हे दिगंबर जैन कुटुंब व्यापारानिमित्त सोलापूर भागात स्थिरावले होते. कापूस, धान्य आणि सावकारी हा घरचा व्यवसाय. जन्मानंतर काही दिवसांतच आईचे छत्र हरपले. शिक्षण सोलापूर, मुंबई आणि पुणे असे झाले, पण पदवीपर्यंत पोहोचले नाही. घरच्या पेढीवर बसून व्याजाचे आकडे मांडण्यात या तरुणाचे मन रमेना. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक त्यांना भेटले आणि दोघांनी भागीदारीत ठेकेदारी सुरू केली. फाटकांना रेल्वेचे काम कसे चालते हे ठाऊक होते. वालचंदांकडे भांडवल उभे करण्याची ऐपत होती आणि त्याहून अधिक धाडस.

त्यांना मिळालेले पहिले काम बार्शी लाइट रेल्वेचे होते. ही रेल्वे स्वतःच स्वस्त आणि मस्त यांचा मेळ घालणारा एक प्रयोग होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी असा अडीच फूट रुंदीचा मार्ग सुरू केला. मोठा मार्ग बांधण्याइतका पैसा आणि वाहतूक या भागात नव्हती. कॅलथ्रॉपने डब्यांचा भार प्रत्येक आसावर पाच टनांच्या आत राहील असा समान वाटला. त्यामुळे हलके आणि स्वस्त रूळ वापरूनही भरपूर माल नेता येऊ लागला. गाडी लहान, पण हिशेब चोख. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा मार्ग तेव्हाच्या निजामी मुलखात तडवळ्यापर्यंत वाढला, तेव्हा त्यातील येडशी-तडवळे टप्पा फाटक-वालचंद जोडीने केला. कॅलथ्रॉपच्या हिशेबाचा वालचंदांवर किती परिणाम झाला, हे सांगण्यास आधार नाही. मात्र गरजेपुरते छोटे, परवडणारे आणि तरीही भरवशाचे यंत्र म्हणजे काय, याचा नमुना त्यांच्या पहिल्याच कामात डोळ्यांसमोर होता.

ठेकेदारी फळली. पहिल्या महायुद्धात लष्करी बांधकामे मिळाली. पुढे टाटांसोबत टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली आणि बोरघाटातील रेल्वे बोगदे या मंडळींनी खोदले. १९२६ मध्ये स्थापन झालेली बांधकाम कंपनी पुढे हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन म्हणून नावारूपाला आली. नाशिक जिल्ह्यात रावळगाव आणि पुणे जिल्ह्यात कळंब, म्हणजे नंतरचे वालचंदनगर, येथे साखर कारखाने झाले. या यशाची यादी वाढवणे कठीण नाही. पण माणूस ओळखायचा तर त्याने केलेली एक खरेदी पाहावी.

१९१९ मध्ये रेल्वेप्रवासात त्यांच्या कानावर आले, की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची ‘लॉयल्टी’ ही आगबोट विकायची आहे. महायुद्धात रुग्णालय म्हणून वापरलेली ही बोट मुळात कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ होती. ती १८९१ पासून धावत होती, म्हणजे तिने पंचविशी कधीच ओलांडली होती. कोणत्याही जाणकाराने ही सेकंडहँड खरेदी करू नका, असाच सल्ला दिला असता. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांना सोबत घेऊन ती घेतली. त्यातून सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी जन्माला आली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. बोट म्हणून हा व्यवहार तोट्याचाच ठरला. काही वर्षांतच ती मोडीत निघाली. पण तिच्यामुळे ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या समुद्रात एका भारतीय कंपनीला पाय रोवता आला. ब्रिटिश कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर पाडून या नव्या कंपनीला बुडवण्याचा प्रयत्न केला आणि अखेर १९२३ मध्ये तिला जाचक अटींचा करार पत्करावा लागला. ग्राहकाला स्वस्तात मिळणारी सेवा कधी कधी कोणाला तरी संपवण्यासाठी स्वस्त असते, हे वालचंदांना तिथे कळले. मोटारीच्या वेळी त्यांनी जो हट्ट धरला, त्याचे मूळ या अनुभवात असावे.

तोपर्यंत भारतात मोटारी मिळत नव्हत्या असे नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत जुळणीचा कारखाना काढला होता, फोर्डही आली होती. परदेशातून खोक्यांत बंद सुटे भाग यायचे, येथे ते जोडले जायचे आणि गाडी रस्त्यावर यायची. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने त्यात काय वावगे होते? गाडी चांगली, कंपनी नामांकित. वालचंदांचा आक्षेप वेगळा होता. मोजलेल्या रकमेपैकी इंजिनाचे, गिअरचे, आसांचे पैसे परदेशी जात आणि येथे उरे ती पाने आवळण्याची मजुरी. म्हणून त्यांना जुळणीचा नव्हे, तर निर्मितीचा कारखाना हवा होता. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तीसच्या दशकात अशा कारखान्याची तपशीलवार योजना आखली होती. मुंबईचे बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ तिला अनुकूल होते. वालचंद या योजनेचे पाठीराखे झाले आणि १९३९ मध्ये अमेरिकेत गेले.

फोर्डशी बोलणी फिसकटली. क्रायस्लरशी मात्र जमले. या निवडीत मोटार घेणाऱ्याला ओळखीची वाटेल अशी एक गोष्ट आहे. नाव मोठे कोणाचे, यापेक्षा सुटे भाग येथे बनवू देण्यास कोण तयार आहे, ही कसोटी होती. करार झाला, पण दिल्लीतील सरकारने हात आखडता घेतला. युद्धकाळात लागणारी वाहने या कारखान्याकडून घेण्याची हमी मिळाली नाही. म्हैसूर संस्थानाच्या सहभागातही वरून खोडा घातला गेला. मोटार अडली.

याच परदेश दौऱ्यात विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी गाठ पडली. मोटारीचे स्वप्न घेऊन गेलेला हा माणूस विमानाच्या कारखान्याची कल्पना घेऊन परतला. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट स्थापन झाली. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. ज्याला मोटार बनवू दिली नाही, तो विमान आणि जहाज बनवू लागला! विमान कारखाना युद्धाच्या ओघात १९४२ मध्ये सरकारने ताब्यात घेतला. जहाज कारखान्यातून स्वतंत्र भारतात बांधलेले ‘जलउषा’ मार्च १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले, पण कालांतराने तो कारखानाही सरकारकडेच गेला.

मोटार तेवढी वालचंदांच्या समूहाकडे राहिली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. कारखाना मुंबईच्या कुर्ला उपनगरात होता आणि १९४७ मध्ये तेथून डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स त्याआधी, १९४२ मध्ये स्थापन झाली होती, म्हणजे स्पर्धाही घरातलीच होती. मात्र क्रायस्लरच्या या गाड्या अंगाने दांडग्या आणि पेट्रोल पिणाऱ्या. संस्थानिक, गिरणीमालक, बडे वकील यांना त्या शोभत. सोलापूर-बार्शीच्या डॉक्टरला किंवा महाविद्यालयातील प्राध्यापकाला त्यांचा उपयोग नव्हता. गाडीत जे जे होते ते उत्तम होते, पण ज्याला ती हवी त्याच्या खिशाला आणि रस्त्याला ते पेलणारे नव्हते.

हा पेच इटलीच्या फियाट कंपनीशी झालेल्या कराराने सुटला. १९५१ मध्ये कुर्ल्याहून फियाट ५०० बाहेर पडली. टोपोलिनो, म्हणजे चिमुकला उंदीर, हे तिचे इटलीतले लाडके नाव. इंजिन जेमतेम ५६९ सीसीचे, दरवाजे दोन आणि जागाही मुख्यतः दोघांचीच. छोट्या गाडीचा धडा तिने दिला. पण आजी-आजोबांसह प्रवासाला निघणाऱ्या भारतीय कुटुंबाला ती पुरणारी नव्हती.

एव्हाना वालचंद स्वतः बाजूला झाले होते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि वर्षभरात त्यांनी कारभारातून अंग काढून घेतले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. ज्या हट्टासाठी ते दीड दशक झगडले, तो सरकारने मान्य केला तो नेमका त्याच वर्षी. प्रशुल्क आयोगाने शिफारस केली, की ज्यांच्याकडे भारतात निर्मितीचा कार्यक्रम आहे त्यांनीच मोटारी कराव्यात. केवळ जुळणी करणाऱ्यांनी नाही. त्यानंतर जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी येथील गाशा गुंडाळला.

१९५४ पासून आलेली फियाट ११०० हीच खरी घरची मोटार ठरली. गुबगुबीत आकारामुळे लोकांनी तिला डुक्कर फियाट म्हटले, पण त्यात प्रेमच अधिक होते. चार दरवाजे, १०८९ सीसीचे इंजिन, पाच माणसे ऐसपैस आणि सहावे दाटीवाटीने. १९६४ मध्ये डिलाइट आली आणि १९७४ पासून हीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही ती उघडून दुरुस्त करू शकत होता. त्या काळातील गिऱ्हाइकाच्या लेखी सर्वात मोठे वैशिष्ट्य तेच होते.

येथे वालचंदांच्या वारशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. परदेशी गाडीला दार बंद झाले आणि आत राहिलेल्या दोन-तीन कंपन्या निवांत झाल्या. गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. नंबर लागल्यावर मिळणारी गाडी जवळपास तीच असे, जी शेजाऱ्याने दहा वर्षांपूर्वी घेतली होती. सरकारने किमती बांधून दिल्या आणि मोटारीची रास्त किंमत ठरवण्याचा वाद प्रीमियर कंपनीने थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. किंमत न्यायालयात ठरत होती. गाडीत नवे काय मिळणार, हे विचारायला गिऱ्हाइकाला जागाच नव्हती. संरक्षण मागणाऱ्या वालचंदांना हे अभिप्रेत नसावे, पण त्यांच्या मागणीचा हाही परिणाम होता.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. ७९६ सीसीचे इंजिन, वर उघडणारे मागचे दार, हलके अंग, पन्नास हजारांच्या आतली किंमत आणि लिटरमागे पद्मिनीहून कितीतरी अधिक अंतर. छोटी हॅचबॅक भारतीय घरात शिरली ती अशी. १९९८ मध्ये पुण्याहून टाटांची इंडिका आली. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईच्या रस्त्यावरील अखेरची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

आज छोट्या मोटारीची व्याख्या कराच्या पुस्तकातही आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के लागू झाला, पूर्वी तो २८ टक्के आणि वर अधिभार होता. त्यातून वाचलेल्या पैशाचे काय करायचे, हा निर्णय धाराशिवच्या गिऱ्हाइकाने नीट घ्यावा. मोठा पडदा आणि चकचकीत चाके यांच्याकडे डोळे लवकर जातात. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप चाचणीत गाडीला किती तारे मिळाले, सर्व्हिसिंगला धाराशिवातच सोय आहे की लातूर-सोलापूर गाठावे लागेल, एखादा भाग मोडला तर तो किती दिवसांत मिळतो, हे प्रश्न विक्रेत्याला आधी विचारावेत. शोरूममध्ये ते विचारणारे कमीच असतात.

येडशीहून तडवळ्याकडे जाणारी ती अरुंद रेल्वे आता नाही. २००८ पर्यंत तिची ब्रॉडगेज झाली. नवी मोटार घेऊन येडशीच्या रामलिंगाला पहिला नारळ फोडायला जाणारी कुटुंबे याच वाटेने जातात.