तुळईमागचा माणूस

गिरडच्या आमच्या घराच्या तुळया सागाच्या. लोखंडी तुळया मी प्रथम रेल्वेच्या पुलाला पाहिल्या, कॉलेजात नाव घालायला निघालो तेव्हा.

नवसारीला १८३९ साली जन्मलेल्या जमशेदजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. १८८२ साली चांदा जिल्ह्यातील लोहखनिजाचा अहवाल वाचून त्यांना पोलादाचा ध्यास लागला. पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालेना. खाणींच्या सरकारी अटीही जाचक. तरी बावीस वर्षे त्यांनी ध्यास सोडला नाही. १९०४ साली ते जर्मनीत वारले. पोलाद निघाले १९१२ साली, दूर साकचीला. १९४३ च्या हावडा पुलातले २६,५०० पैकी २३,००० टन पोलाद टाटांचेच.

मला शिकवायचे माझ्या आजोबांनी ठरवले होते. मी कॉलेजात गेलेला त्यांनी पाहिला नाही. पूल दिसला की मला दोघेही आठवतात.